जुन्या एएस-४०० वरून मेल जाईनाशी झाली आहे, कुणी अनुभवी आहे का?

सातपूरकर · सोमवार, रात्री १०:०५

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय आणि तोही रडगाण्याचा, त्याबद्दल आधीच माफी.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात आयटी बघतो. आयटी म्हणजे मी आणि एक शिकाऊ मुलगा. कंपनीचं खरेदी, स्टोअर, डिस्पॅच सगळं एका जुन्या आयबीएम यंत्रावर चालतं. आय-फाइव्ह ५२० मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिम व्ही५आर४. बाहेर नावं काहीही बदलली असतील, आमच्याकडे सगळे त्याला एएस-४००च म्हणतात. त्यातून रोज शंभर-सव्वाशे मेल जायच्या: पुरवठादारांना खरेदीच्या ऑर्डरी, ग्राहकांना चलनाची प्रत.

मे महिन्यात साहेबांनी सगळ्यांची मेल क्लाउडवर नेली. माणसांची मेल झकास चालते. यंत्राची बंद. खरेदीवाले आता ऑर्डर छापतात, स्कॅन करतात आणि मग मेल करतात. दिवसातून चार वेळा माझ्या टेबलापाशी येऊन सुस्कारा सोडून जातात.

हे सगळं ज्यांनी बसवलं ते नाना चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कागदावर काहीही लिहिलेलं नाही. यंत्राला मी हात लावायला घाबरतो, कारण ते गेलं तर कारखाना बसेल. कुठून सुरुवात करू?

(इथे रोमन अक्षरं चालत नाहीत म्हणून कमांडी देवनागरीत लिहा, मी जुळवून घेईन.)

ढब्बू मिरची · सोमवार, रात्री १०:११

रुमाल टाकून ठेवतो. शीर्षक वाचून वाटलं क्षेपणास्त्राबद्दल आहे.

थेटबोल · सोमवार, रात्री १०:४०

कडू वाटेल, पण जवळपास वीस वर्षांच्या यंत्राला मेल शिकवत बसण्यापेक्षा एक बरं ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर) घ्या. आज मेल गेली, उद्या प्रिंटर जाईल, परवा त्याचा डिस्क बदलून देणारा माणूस मिळणार नाही. साहेबांना हे सांगायची हीच वेळ.

सातपूरकर · सोमवार, रात्री १०:५२

थेटबोल, सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, "ते शेवटचं बंद कधी पडलं?" मला आठवेना. नानांच्या काळातही कुणाला आठवत नाही. त्यानंतर मी गप्प.

कडकलक्ष्मी · सोमवार, रात्री ११:३०

मी याच यंत्रांवर पुण्यात बावीस वर्षं आहे. घाबरू नका. फक्त बघा, बदलू काही नका.

१. चेंज एसएमटीपी ॲट्रिब्यूट्स, म्हणजे सीएचजी-एसएमटीपी-ए. (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवायची पद्धत.) एंटर न मारता एफ४ दाबा. "मेल राउटर" आणि "फायरवॉल" या दोन ठिकाणी काय लिहिलंय ते सांगा. मग एफ३ दाबून बाहेर या. एंटर दाबलात तर माझी जबाबदारी नाही.

२. वर्क ॲक्टिव्ह जॉब्समध्ये क्यूएमएसएफ नावाचा, मेल हाताळणारा जॉब दिसतो का? आणि एसएमटीपीचे जॉब क्यूसिस्डब्ल्यूआरके सबसिस्टिममध्ये चालू आहेत का?

३. ज्या युजरच्या नावाने रात्रीचे जॉब चालतात, त्याची सिस्टिम डिरेक्टरीत नोंद आहे का? डब्ल्यूआरके-डीआयआरई ने दिसेल. तिथे नोंद नसेल तर मेल पाठवणारी एसएनडी-डीएसटी कमांड त्याला दारातूनच परत पाठवते.

आणि तुमच्या धाग्यावर "ईआरपी घ्या" म्हणणारा एक तरी येणारच होता, ते झालं. पुढे चला.

जर्सीकर · मंगळवार, सकाळी ६:१५

इकडे संध्याकाळ. हा धागा वाचून १९९७ साल डोळ्यासमोर आलं.

वायटूकेच्या (सन २००० च्या तारखांच्या घोळाच्या) लाटेत आम्ही आरपीजीवाले इकडे आलो. आरपीजी म्हणजे या यंत्राची प्रोग्रामिंगची भाषा. क्लायंट न्यू जर्सीतला. मुख्य कचेरीत सगळे ऑफिसव्हिजन-४०० वर, हिरव्या पडद्यावर मेल. सेल्सची मंडळी पीसीवर सीसी-मेल नावाचा मेलचा प्रोग्राम वापरणारी. दोन्हीकडची माणसं एकाच इमारतीत, पण एकमेकांना मेल करायची तर मधे एक डॉसचा पीसी. एका बाजूने तो स्नॅड्स (आयबीएमची मेल पोचवायची पद्धत) बोलायचा, दुसऱ्या बाजूने सीसी-मेलच्या पोस्ट ऑफिसात पत्रं टाकायचा.

ते पोस्ट ऑफिस म्हणजे सर्व्हरवरच्या फायलींचा एक ढीग. प्रत्येक पीसी थेट त्या फायली उघडायचा. मधेच कुणाचा पीसी अडकला की फाइल बिघडलीच. दर रविवारी त्या फायलींची देखभाल करणारे चेकस्टॅट आणि रिक्लेम चालवायला मला जावं लागे. देवळात जावं तसं नेमाने.

आणि नावांचा घोळ! स्नॅड्समध्ये पत्ता दोन तुकड्यांचा. माणूस आठ अक्षरं, ठिकाण आठ अक्षरं, सगळी कॅपिटल. पीसीवर तुमचं पूर्ण नाव चालायचं, इकडे आठात बसवा. म्हणजे दोन्हीकडची एक जुळणीची यादी ठेवायची आणि नवा माणूस आला की दोन्हीकडे हाताने भरायची. निम्मे दिवस त्यातच जायचे.

ढब्बू मिरची · मंगळवार, सकाळी ८:०२

आठ अक्षरांत मराठी आडनावं? रोमनमध्ये कुलकर्णी मोजून बरोब्बर आठ, बसले. देशपांड्यांचं शेवटचं अक्षर गेलं. पटवर्धनांची शेपूट तुटली. सहस्रबुद्ध्यांचं काय झालं असेल, विचारवत नाही.

तिरफळ · मंगळवार, सकाळी ८:२०

सहस्रबुद्धे आठात "सहस्रब" पर्यंत येतात. बुद्धी बाहेर राहते.

मुक्काम पोस्ट सांगली · मंगळवार, सकाळी ८:४५

आणि पाटील एक, पाटील दोन, पाटील तीन... आमच्याकडे पाटील अकरा पर्यंत गेले होते. पाटील सात यांच्या लग्नाच्या शुभेच्छा पाटील आठ यांना गेल्या. ते तीन मुलांचे बाप.

जर्सीकर · मंगळवार, सकाळी ९:०१

हसू नका, आमच्याकडे खरंच दोन "देशपंड" होते. दुसऱ्याला आम्ही "देशपां२" असं काहीसं केलं. त्याला ग्रीन कार्ड मिळेपर्यंत ते नाव चिकटलं.

सातपूरकर · मंगळवार, दुपारी १:१०

लक्ष्मीताई, बघितलं. हात थरथरत होते पण एफ३ ने बाहेर आलो.

मेल राउटरमध्ये एक आयपी पत्ता आहे, आमच्याच नेटवर्कमधला, शेवट ४५. फायरवॉल: यस. क्यूएमएसएफ चालू आहे. एसएमटीपी चालू आहे. युजरची नोंद आहे.

आता गंमत. त्या ४५ ला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली. कुणीच नाही.

कडकलक्ष्मी · मंगळवार, दुपारी १:४०

मग निदान झालं. फायरवॉल यस याचा अर्थ "बाहेरची प्रत्येक मेल डोळे झाकून राउटरकडे दे." राउटर म्हणजे ४५. तुमचं यंत्र आपलं काम चोख करतंय, पोस्टमन जागेवर नाही.

४५ वर काय होतं?

टेलेक्सकाका · मंगळवार, दुपारी ३:२५

सातपूरकर, बाळा, नानांनी मधे काहीतरी ठेवलेलं असणार. आमच्या पिढीचे सगळे ठेवायचे. शोध.

मी फोर्टमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत होतो. आधी टेलेक्स. १९७८ ला आयबीएम देशातून गेली आणि १९९२ मध्ये टाटांच्या साथीने परत आली, त्यानंतर आमच्याकडे पहिलं एएस-४०० आलं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुलं केलं आणि आमच्या मालकांना परदेशी गिऱ्हाइकांशी ईमेल करायची घाई झाली.

पण ऑफिसातली मेल एएस-४०० वर, आणि इंटरनेट म्हणजे मोडेम. आम्ही एक ४८६ पीसी घेतला, त्याला मोडेम जोडला. दिवसभराच्या मेल त्यात साचायच्या. रात्री दोनला तो फोन लावायचा, साचलेलं पाठवायचा, आलेलं उचलायचा. रात्री दोनला का? तेव्हा लाइन लागायची म्हणून. सकाळी नऊला मी पहिला ऑफिसात आणि पहिलं काम म्हणजे त्याच्याकडे बघणं. फोन लागलेला नसला की मालकांचा चेहरा बघण्यासारखा.

एकदा सफाईवाल्या बाईंनी झाडताना प्लग काढला. जर्मनीची ऑर्डर दोन दिवस लटकली. मग मी त्यावर खडूने लिहिलं, "याला हात लावू नये. हा बोलतो."

तिरफळ · मंगळवार, दुपारी ३:४०

"हा बोलतो" वर दंडवत, काका.

सातपूरकर · मंगळवार, संध्याकाळी ६:१८

काका, तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. स्टोअरमध्ये जाऊन विचारलं.

तिथे कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांमागे, एक पीसी असायचा. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, एका बाजूचं झाकणही नाही. स्टोअरवाले म्हणाले, "तो नानांचा. नाना सांगून गेले होते राहू दे." मे महिन्यात ऑडिटच्या आधी साफसफाई झाली. भंगारात गेला. वजनावर.

म्हणजे क्लाउडचा आणि मेल बंद पडण्याचा संबंध आहे की नाही तेच आता कळेना. दोन्ही एकाच आठवड्यात झालं.

ढब्बू मिरची · मंगळवार, संध्याकाळी ६:२५

🙈 किलोने गेलेलं मेल सर्व्हर.

थेटबोल · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

हेच म्हणत होतो मी. यंत्र जुनं असणं हा प्रश्नच नाही, त्याच्या भोवतीचं कुणाला माहीत नसणं हा आहे. मालकी कुणाचीच नव्हती त्या पीसीची.

कडकलक्ष्मी · मंगळवार, रात्री ९:१५

काल "ईआरपी घ्या" म्हणत होतात. आज बरोबर बोललात.

सातपूरकर, दोन्हींचा संबंध आहे. समजा तो पीसी आज असता तरी त्याने मेल कुणाला दिली असती? तुमच्या जुन्या मेल सेवेला, पोर्ट २५ च्या दारातून, पासवर्ड न विचारता. क्लाउडवाले आता तसं घेत नाहीत. त्यांना टीएलएस (मेल कुलूपबंद नेणारी पद्धत) १.२ लागतं, नाव-पासवर्ड लागतो, पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांच्या यादीत लागतो. व्ही५आर४ ची मजल टीएलएस १.० पर्यंतच. २००६ ची सिस्टिम आहे, तिचा सपोर्ट २०१३ मध्येच संपला. तिला नवी भाषा शिकवता येणार नाही, म्हणून दुभाषी हवा.

कुठलाही लहान पीसी घ्या, पण यूपीएसवर ठेवा. त्यावर लिनक्स आणि पोस्टफिक्स (मेल पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर).

आयपी पत्ता तोच द्या, ४५. म्हणजे एएस-४०० वर काहीही बदलावं लागणार नाही. नानांची ही दूरदृष्टी, फुकट घालवू नका.

"मायनेटवर्क्स" मध्ये (कुणाची मेल घ्यायची ती यादी) फक्त एएस-४०० चा पत्ता. अख्खं नेटवर्क टाकू नका, नाहीतर एखाद्या पीसीत व्हायरस शिरला की तुमच्या नावाने जगभर कचरा जाईल.

"रिलेहोस्ट" (मेल पुढे ज्याच्याकडे द्यायची तो) म्हणून क्लाउडचा सर्व्हर, पोर्ट ५८७, टीएलएस सक्तीचं, पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये.

आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. तुमचं यंत्र "युजर ॲट यंत्राचं नाव" अशा पत्त्याने पाठवत असणार. क्लाउड म्हणेल, हा कोण? पोस्टफिक्सच्या "सेंडर कॅनॉनिकल" मध्ये त्याला खऱ्या मेलबॉक्सचा पत्ता नेसवा. एएस-४०० वरही डब्ल्यूआरके-एनएएम-एसएमटीपी ने टोपणनावं देता येतात, पण तिकडे हात न लावलेला बरा.

जर्सीकर · बुधवार, सकाळी ५:५०

कडकलक्ष्मींशी सहमत, एक भर. कुणी "मेल अडकली, एमएसएफ (मेल हाताळणारा तोच क्यूएमएसएफ) बंद करून चालू कर" असं सांगितलं तर एसटीआर-एमएसएफ ला "मेसेज ऑप्शन" नावाचा पर्याय असतो तो वाचा. रिझ्युम म्हणजे जिथे होतं तिथून पुढे. क्लिअर म्हणजे अडकलेलं सगळं पुसून कोरी पाटी. माझ्या एका सहकाऱ्याने महिनाअखेरीला क्लिअर केलं. स्वच्छ झालं खरं. तीनशे इन्व्हॉइसही स्वच्छ झाले.

स्क्रिप्टवाला · बुधवार, सकाळी ९:३०

एवढं कशाला? एएस-४०० ने मेल पाठवायचीच नाही. ऑर्डर फाइल म्हणून शेअर फोल्डरमध्ये टाकायची, विंडोज पीसीवर दहा ओळींची पॉवरशेल स्क्रिप्ट, दर पाच मिनिटांनी उचलून क्लाउडला. आमच्याकडे तीन वर्षं चालू आहे.

कडकलक्ष्मी · बुधवार, सकाळी १०:०५

स्क्रिप्टवाला, क्लाउडने पाच मिनिटं "नंतर या" म्हटलं तर तुमची स्क्रिप्ट काय करते?

स्क्रिप्टवाला · बुधवार, सकाळी १०:२०

एरर लॉगमध्ये लिहिते.

कडकलक्ष्मी · बुधवार, सकाळी १०:२२

आणि लॉग कोण वाचतं?

स्क्रिप्टवाला · बुधवार, सकाळी ११:४८

...बघून आलो. एप्रिलपासून चौदा मेल गेलेल्या नाहीत. धन्यवाद म्हणू की शिव्या देऊ कळत नाही.

कडकलक्ष्मी · बुधवार, दुपारी १२:१०

😄 म्हणून रांग ठेवणारा पोस्टमन लागतो. पोस्टफिक्स पाठवता आलं नाही तर पत्र जपून ठेवतो, थोड्या थोड्या वेळाने दार वाजवतो, पाच दिवस प्रयत्न करतो, आणि मग नाइलाजाने परत करतो. दहा ओळींत हे बसत नाही.

तुमची पद्धत चुकीची नाही. फक्त स्क्रिप्टलाही हाच पोस्टमन द्या.

राइनकाठी · बुधवार, दुपारी २:३०

वाचतोय. जर्मनीत डब्ल्यूआरके पासून एसटीआर पर्यंत सगळं बघितलंय. इथला खास त्रास वेगळा. जर्मन कोडपेज (कुठलं अक्षर कुठल्या आकड्यावर, तो तक्ता) २७३ मध्ये "ॲट" चं चिन्ह वेगळ्या जागी असतं. अमेरिकन ३७ मध्ये ज्या जागी "ॲट" असतं, तिथे इथे कायद्याच्या पुस्तकातलं कलमाचं चिन्ह. म्हणजे सेटिंग चुकलं की पत्ता होतो "अमुक कलम तमुक डॉट डीई". वकिलाची नोटीस वाटते.

मुक्काम पोस्ट सांगली · बुधवार, दुपारी २:४५

अमुक कलम तमुक 😂 आमच्या तालुका कोर्टात हा पत्ता सहज चालेल.

सातपूरकर · गुरुवार, रात्री ११:५५

झोपायच्या आधी अहवाल.

जुना डेस्कटॉप घेतला, डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, पोस्टफिक्स, पत्ता ४५. एएस-४०० कडून मेल त्याच्यापर्यंत येते! पुढे क्लाउड म्हणतं पासवर्ड चुकीचा. मी दहा-अकरा वेळा पाठवून बघितली. मग कळलं की साधा पासवर्ड चालत नाही, ॲप पासवर्ड (प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) काढावा लागतो. तो उद्या साहेबांच्या लॉगिनने.

दुसरं विचित्र. दोन दिवसांपूर्वी मी यंत्रावर मेलसाठी वेगळा युजर बनवला होता, म्हटलं स्वच्छ काम. त्याच्या नावाने पाठवलेलं चलन पोस्टफिक्सच्या रांगेत उघडून बघितलं तर मजकूर म्हणजे "@@@@@@@@" अशा ओळीच्या ओळी, आणि आकड्यांच्या जागी डोक्यावर टोप्या आणि लाटा असलेली युरोपियन अक्षरं. हे काय भूत आहे?

ढब्बू मिरची · शुक्रवार, सकाळी ७:१५

ॲट ॲट ॲट ॲट. यंत्र तोतरं झालंय.

कडकलक्ष्मी · शुक्रवार, सकाळी ८:३०

भूत नाही, आजीचं हस्ताक्षर आहे. तुम्हाला वाचता येत नाही एवढंच.

या यंत्राची लिपी इबीसीडिक. त्यात रिकाम्या जागेचा आकडा हेक्स ४०. पीसीच्या ॲस्कीमध्ये हेक्स ४० म्हणजे "@". तुमच्या चलनात सगळ्यात जास्त काय असतं? रिकाम्या जागा. म्हणून "@" ची रांगोळी. आणि इबीसीडिकमध्ये शून्य ते नऊ म्हणजे एफ० ते एफ९. पीसीच्या लॅटिन तक्त्यात त्या जागांवर आइसलँडिक, स्पॅनिश वगैरे अक्षरं बसलेली आहेत. एफ० दिसलं तिथे शून्य वाचा, एफ१ तिथे एक. कागदावर दोन मिनिटांत अख्खं चलन उलगडेल.

कारण तुमचा नवा युजर. त्याचा सीसीएसआयडी (कुठला अक्षरतक्ता वापरायचा तो नंबर) ६५५३५ वर राहिलाय. ६५५३५ म्हणजे "याला हात लावू नका, जसंच्या तसं द्या." नानांच्या युजरचा ३७ असणार, डीएसपी-यूएसआर-पीआरएफ ने बघा. नव्याचाही ३७ करा. आणि फाइल आयएफएसमध्ये (यंत्रातली पीसीसारखी फायलींची जागा) उतरवताना सीपीवाय-टीओ-एसटीएमएफ कमांडमध्ये कोडपेज पीसी-ॲस्की द्या.

"स्वच्छ काम" करायचा मोह आवरा. सुरुवातीलाच म्हटलं होतं, फक्त बघा.

सातपूरकर · शुक्रवार, सकाळी ८:४१

कान पकडले.

तिरफळ · शुक्रवार, सकाळी ९:१०

भाषेची विद्यार्थिनी म्हणून अवांतर: या कमांडी वाचताना मोडी आठवते. डब्ल्यूआरके, डीएसपी, सीएचजी, एसटीआर. वर्क, डिस्प्ले, चेंज, स्टार्ट यांतले स्वर गाळले. मोडी लिहिणारेही ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करत नसत, हात न उचलता पुढे. वाचणाऱ्याला संदर्भ माहीत आहे हे गृहीत. दोन्ही लिप्या कारकुनांच्या, दोन्ही घाईच्या.

कडकलक्ष्मी · शुक्रवार, सकाळी ९:२५

तिरफळ, ही उपमा मी उद्यापासून नव्या मुलांना शिकवताना वापरणार. तुमच्या परवानगीशिवाय.

मुक्काम पोस्ट सांगली · शुक्रवार, सकाळी १०:००

एक भाबडा प्रश्न. या यंत्रातून चलन मराठीत पाठवता येईल का? आमच्या साखर कारखान्यात शेतकऱ्यांना इंग्रजी पावती जाते, ती वाचायला ते नातवाकडे जातात.

कडकलक्ष्मी · शुक्रवार, सकाळी ११:१५

येईल. देवनागरीसाठी इबीसीडिकमध्ये ११३७ नावाचा स्वतंत्र तक्ता आहे, पण त्या वाटेला जाऊ नका, हिरवा पडदा आणि प्रिंटर दोघं रुसतात. त्यापेक्षा डेटाबेसमध्ये तेवढे रकाने युनिकोडचे करा, आणि मेलची फाइल आयएफएसमध्ये १२०८ ने, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये लिहा. आम्ही एका ठिकाणी नाव आणि गाव मराठीत, बाकी आकडे, असं केलंय. शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं.

टेलेक्सकाका · शुक्रवार, दुपारी ४:०५

जुन्या मेलवरून आठवलं. रिगनच्या काळात व्हाइट हाउसमध्ये आयबीएमची प्रॉफ्स नावाची मेल होती, मेनफ्रेमवरची. पुढे तिचंच नाव ऑफिसव्हिजन. १९८६ मध्ये इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं इराण-काँट्रा प्रकरण पेटलं तेव्हा ऑलिव्हर नॉर्थ आणि पॉइंडेक्स्टर या तिथल्या सुरक्षा परिषदेतल्या अधिकाऱ्यांनी आपली पत्रं पुसली. पण बॅकअपच्या टेपवर ती होतीच, आणि चौकशी समितीच्या हाती लागली. आमच्या मालकांना मी हे सांगितल्यावर त्यांनी महिनाभर ईमेल न करता मला केबिनमध्ये बोलावून निरोप दिले.

जर्सीकर · शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

काका 👏 आमच्याकडे हाच धाक एक्स-४०० नावाच्या मेलपद्धतीच्या पत्त्याने घातला होता. देश, प्रशासन, संस्था, विभाग, आडनाव, नाव, सगळे तुकडे तिरक्या रेघांनी जोडायचे. पत्ता लिहून होईपर्यंत मजकूर विसरलेला असायचा.

सातपूरकर · शनिवार, दुपारी १२:३०

मंडळी!!! चालू झालं.

ॲप पासवर्ड टाकला, युजर ३७ वर आणला. साडेदहाला पहिली ऑर्डर गेली, स्वच्छ, एकही "@" जास्तीचा नाही. खरेदीवाल्या मावशींनी पेढे आणले.

आता पुढचं. पावणेअकराला सिन्नरच्या पुरवठादाराचा फोन. "साहेब, एवढ्या सळया कशाला लागल्या?" गुरुवारी रात्री मी चाचणीला दहा-अकरा वेळा जी पाठवत होतो ती खरी ऑर्डर होती, खऱ्या पत्त्यावर. पासवर्ड चुकला म्हणून मला वाटलं त्या मेल्या. पोस्टफिक्सने त्या जपून ठेवल्या होत्या. लक्ष्मीताईंनी सांगितलं होतंच की तो पाच दिवस दार वाजवतो. पासवर्ड बरोबर झाल्याक्षणी सगळ्या अकरा एकदम गेल्या. एक टनाच्या ऑर्डरचे अकरा टन.

पुरवठादार सज्जन निघाला. म्हणाला, दहा टन लोड करायच्या आधी विचारलं.

स्क्रिप्टवाला · शनिवार, दुपारी १२:४१

माझ्या स्क्रिप्टने हे केलं नसतं 😇

कडकलक्ष्मी · शनिवार, दुपारी १२:५०

तुमच्या स्क्रिप्टने एकही टन पाठवलं नसतं.

सातपूरकर, अभिनंदन. चाचणी नेहमी स्वतःच्या पत्त्यावर. आणि पुढच्या वेळी आधी "पोस्टक्यू" ने रांग बघा, नको ते "पोस्टसुपर" ने काढा.

थेटबोल · शनिवार, दुपारी १:१५

अभिनंदन. आता एक विचारतो, चिडू नका. हा नवा ४५ कुठे ठेवलाय?

सातपूरकर · शनिवार, दुपारी १:३५

सर्व्हर रूममध्ये, एएस-४०० च्या शेजारी, यूपीएसवर. मालमत्तेच्या यादीत नंबर घातला. सेटिंगची चार पानं छापून एक फाइलमध्ये, एक पेटीच्या आत चिकटवलं. वर लेबल: "याला हात लावू नये. हा बोलतो." काका, तुमच्या परवानगीशिवाय.

टेलेक्सकाका · शनिवार, दुपारी २:१०

परवानगी कसली. आनंद झाला. नानांना फोन केलास का?

सातपूरकर · शनिवार, रात्री ८:२०

आत्ता केला. आधी पाया पडलो फोनवरूनच, मग सगळं सांगितलं. नाना शांतपणे ऐकत होते. भंगाराचं सांगितल्यावर एकदम चिडले. मला वाटलं मेल सर्व्हरबद्दल. म्हणाले, "अरे, त्यात माझं भीमसेनांचं सगळं गाणं होतं! बारा वर्षं गोळा केलेलं!"

ढब्बू मिरची · शनिवार, रात्री ८:२४

पण मॉनिटर नव्हता ना त्याला? ऐकायचे कसे?

सातपूरकर · शनिवार, रात्री ८:३१

स्टोअरवाल्यांना विचारलं. स्पीकर होते. रंगाच्या डब्यांमागे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लागायचं म्हणे, कुठून येतं ते कुणी कधी विचारलं नाही.